'कमिशन किती मिळतं?' : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार सर. नाव न लिहिता 'एक मत्स्यशेतकरी' एवढंच लिहिलंत, म्हणून सर म्हणतो.

माशांच्या खाद्यातल्या प्रोबायोटिकवरच्या, म्हणजे उपयोगी जिवाणूंच्या पावडरीवरच्या, माझ्या लेखाखाली आपण लिहिलंत : पाणी घाण ठेवायचं आणि खाद्यात पुड्या कालवायच्या, ही शेतकऱ्याची लूट आहे, पावडर न दिलेलं दुसरं तळं तुलनेला ठेवलं होतं का, क्लोरीनच्या पाण्यात पावडर भिजवली तर जिवाणू मरतात हे का नाही लिहिलं, आणि शेवटी, 'कंपनीकडून कमिशन किती मिळतं?'

क्लोरीनचं मान्य. लेखात जोडतो.

आता कमिशन. मतभेद असावेत, पण ही भाषा कुठली? अख्ख्या लेखात एका कंपनीचं नाव दाखवा. उलट पाकिटावर जिवाणूचं नाव आणि ग्रॅममागे संख्या छापलेली नसेल तर घेऊ नका, असं लिहिलंय. कमिशनवाला असं लिहील? तरंगतं खाद्य कारखान्यात शंभर अंशांच्या वर तापतं. पावडरीतल्या जिवाणूंपैकी बॅसिलसचे बीजाणू (त्यांचं टणक कवचातलं, सुप्त रूप) ती उष्णता बऱ्यापैकी सोसतात, लॅक्टोबॅसिलस सोसत नाही. म्हणून खाद्याच्या तयार गोळीवर पावडर गुळाच्या पाण्यातून चोळायची, सावलीत सुकवायचं, त्याच दिवशी टाकायचं, हे सगळं लेखात आहे. दुकानदार हे सांगतो का? तो पाकीट देतो आणि वहीत उधारी मांडतो.

आणि पाण्याचं म्हणाल तर ते मला शिकवू नका. पैठण तालुक्यात जन्म गेलाय. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी येत होतं, तेव्हा आमच्या शेततळ्यात गुडघाभर उरलं होतं. पहाटे रोहू-कटला वर येऊन तोंड वासायचे. पाण्यात हवा मिसळावी म्हणून तळ्यातलंच पाणी इंजिनानं उचलून तळ्यातच फवारत रात्री काढल्यात. आपण त्या वर्षी कुठं होतात, हे विचारत नाही.

पाणी घाण ठेवा असं म्हणालं कोण? प्लास्टिक अंथरलेल्या तळ्याला मातीचा तळ नसतो. उरलेलं खाद्य आणि विष्ठा तिथंच कुजते, माशांना विषारी असा अमोनिया चढतो. चांगले जिवाणू आतड्यात जागा धरतात, एरोमोनाससारख्या रोगजंतूंना अन्न पुरू देत नाहीत, पचनाची विकरं तयार करतात. खाद्य अंगी लागलं तर पाण्यात कमीच जाणार ना? एवढं साधं आहे. युरोपीय संघानं २००६ पासून वाढीसाठी खाद्यात प्रतिजैविकं (अँटिबायोटिक्स) घालणं बंद केलं, म्हणजे दुसरा पर्याय शोधणं आलंच; तेही कुणाच्या कमिशनसाठी केलं म्हणायचं का?

दुसऱ्या तळ्याचा प्रश्न राहिला. त्यावर वेगळं लिहीन कधीतरी, इथं फाटे फोडत नाही.

एक मात्र सांगा, अमोनिया मोजायला आपण कोणता किट वापरता? आमच्याकडं मिळतो त्याचे रंग उन्हात धड ओळखू येत नाहीत.