ऑपरेशन टेबलावरील आधारसाधने आणि ‘सॅम्पल द्या, उद्या घेऊन जा’ हा दावा

कोल्हापुरातील उद्योजकांच्या व्हॉट्सॲप गटांमधून सध्या एक मजकूर फिरतो आहे. त्याचा आशय असा, की शस्त्रक्रियेच्या वेळी रुग्णाला टेबलावर धरून ठेवणारे पट्टे, गाद्या आणि क्लॅम्प या अगदी साध्या वस्तू असून त्यांच्या नावाखाली बाहेरच्या कंपन्या लूट करतात. भूल दिलेला माणूस हलत नाही, तेव्हा त्याला घट्ट बांधले की काम झाले. गादी म्हणजे फोम आणि रेक्झिन. क्लॅम्पचे सॅम्पल दिले तर उद्यमनगरात तो दुसऱ्या दिवशी तयार मिळतो आणि वस्तू शरीराच्या आत जात नसल्याने परवानाही लागत नाही. किमतींबद्दलची तक्रार रास्त आहे, आणि ही साधने कोल्हापुरात बनावीत असे त्यांच्या डिझाइनचे काम करणारा म्हणून मलाही मनापासून वाटते. मात्र त्या इच्छेला जोडून जे सांगितले जात आहे, त्यावर विसंबून कोणी माल बनवला तर त्याची किंमत बेशुद्ध पडलेला रुग्ण मोजेल.

भूल दिलेला माणूस स्वतःहून हलत नाही हे खरे, पण टेबल हलते. पोटाच्या खालच्या भागातील दुर्बिणीच्या शस्त्रक्रियांमध्ये आतडी वर सरकावीत म्हणून टेबल डोक्याकडे उतरते केले जाते आणि रोबोटिक शस्त्रक्रियेत हा उतार 30 अंशांच्या आसपासही जातो. 30 अंशांच्या उतारावर 70 किलोच्या शरीराला डोक्याच्या दिशेने खेचणारा भार 35 किलोंचा, म्हणजे वजनाच्या निम्मा असतो. स्नायू शिथिल करणारी औषधे दिलेली असल्याने शरीर त्याला कोणताही विरोध करत नाही आणि पोटात उपकरणे घातलेली असताना ते दोन बोटे सरकले तरी धोका असतो. शिवाय न हलणे हाच दुसरा धोका आहे. झोपेत हाताला मुंग्या आल्या की आपण नकळत कूस बदलतो. भुलेखालच्या रुग्णाला ते शक्य नसते.

‘घट्ट बांधा’ हा सल्ला मला सर्वांत जास्त चिंतेचा वाटतो. कोपराच्या आतल्या बाजूला अल्नर नस हाडालगत जवळजवळ उघडीच असते, आणि गुडघ्याखाली बाहेरच्या बाजूला पायाची एक महत्त्वाची नस फिब्युला या हाडाच्या डोक्याला वळसा घालून जाते. हाताच्या आधाराची कडा किंवा पाय वर धरणारा स्टिरप यांपैकी एखाद्या जागी तासन्‌तास टेकला, तर शस्त्रक्रिया यशस्वी होऊनही रुग्ण बोटांतील बधिरता किंवा लुळे पडलेले पाऊल घेऊन घरी जातो. उतारावर शरीर अडवण्यासाठी खांद्याला ठोकळे लावणे हा उपाय वरवर सरळ दिसतो, पण खांदा अडला आणि धड सरकत राहिले की मानेतून हाताकडे जाणारे नसांचे जाळे ताणले जाते. त्याच कारणाने हात बाजूला पसरताना 90 अंशांपेक्षा कमी ठेवण्याची शिफारस आहे. म्हणून डिझाइन करणाऱ्याला भार मोठ्या पृष्ठभागावर पसरवावा लागतो आणि आर्मबोर्ड, म्हणजे हाताखालची फळी, ठरावीक कोनापलीकडे जाणारच नाही असा अडसर सांध्यातच द्यावा लागतो.

फोमबद्दल थोडक्यात. केशवाहिन्यांतील दाब साधारण 32 मिलिमीटर पारा धरला जातो, आणि त्याहून जास्त दाब बराच वेळ राहिला तर त्वचेला व स्नायूला रक्त कमी पडते. सोफ्याचा फोम हाताने दाबून मऊ लागतो, पण माकडहाडाखाली किंवा टाचेखाली तो पूर्ण दबून रुग्ण प्रत्यक्षात खालच्या फळीवरच टेकतो. जेल पॅड हाही प्रत्येक जागचा उपाय नव्हे. टाचेसाठी पोटरीला आधार देऊन टाच अधांतरी ठेवणे अधिक चांगले. रेक्झिनच्या शिवणीतून रक्त आत मुरते आणि ते कोणत्याही जंतुनाशकाने निघत नाही, म्हणून आवरणाचे जोड शिवण्याऐवजी उष्णतेने चिकटवावे लागतात.

आता क्लॅम्प. हे आधार टेबलाच्या कडेच्या ज्या पट्टीवर क्लॅम्पने अडकवतात, ती सगळीकडे एकाच मापाची नसते : युरोपीय पद्धतीची 25 बाय 10 मिलिमीटर, तर अमेरिकी पद्धतीची साधारण 28.6 बाय 9.5 मिलिमीटर असते. एकीसाठी बनवलेला क्लॅम्प दुसरीवर एक तर बसत नाही, किंवा अर्धवट बसतो आणि स्क्रू मात्र पूर्ण आवळला जातो. सिस्टर हे काम अनेकदा कापडाखाली, हातमोजे घालून, केवळ स्पर्शाने करतात. त्यामुळे क्लॅम्पचा ओठ पट्टीच्या खालच्या कडेत पूर्ण बसल्याशिवाय नॉब फिरूच नये, अशी रचना असावी लागते. दुसरा मुद्दा धातूचा. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीतील कोणीही सांगेल, की साधे बीड, म्हणजे ओतीव लोखंड, वाकून इशारा देत नाही, एकदम तुटते. म्हणूनच वैद्यकीय विद्युत उपकरणांच्या आयईसी 60601 या आंतरराष्ट्रीय मानकात न ताणल्या जाणाऱ्या धातूंसाठी जास्त सुरक्षा-गुणांक (प्रत्यक्ष भाराच्या किती पट भार सोसला पाहिजे ते प्रमाण) मागितला आहे, आणि ऑपरेशन टेबलांसाठी 60601-2-46 हा स्वतंत्र भाग आहे. सॅम्पलकडे पाहून त्याचा आकार मिळतो. धातू कोणता आणि किती भारासाठी, हे मिळत नाही.

परवान्याचे विधानही चुकीचे आहे. वैद्यकीय उपकरण ठरण्यासाठी वस्तू शरीरात जावी लागत नाही. 2017 चे वैद्यकीय उपकरण नियम लागू आहेत आणि 1 एप्रिल 2020 पासून सर्वच वैद्यकीय उपकरणे औषध कायद्याच्या कक्षेत आली आहेत. जोखमीनुसार ए ते डी असे वर्ग असून, ए वर्गातील निर्जंतुक नसलेल्या आणि मोजमाप न करणाऱ्या उपकरणांना परवान्यातून सूट असली तरी नोंदणी करावीच लागते.

ज्यांना हे काम खरोखर करायचे आहे त्यांनी सॅम्पल मागण्याआधी भूलतज्ज्ञ आणि ओटीतील (शस्त्रक्रियागृहातील) सिस्टर यांच्याशी बोलावे. पहिला नग तयार झाला की टेबलाच्या कमाल उतारावर, परवानगीच्या वजनाहून कितीतरी जास्त भाराच्या वाळूच्या पिशव्या लावून तो तपासावा, हातमोजे घातलेल्या सिस्टरकडून तो लावून व काढून पाहावा, आणि मगच त्यावर पट्टीचे माप व कमाल वजन कोरून तो रुग्णालयाला द्यावा.