रिव्हॉल्व्हरचा बारका स्क्रू आणि डब्यातला पेचकस

हत्याराला गंज धरायला पावसाळाच लागतो असं नाही. नागपुरात मे महिन्यात पारा कधीकधी 45 च्या वर जातो, बाहेरची हवा ठणठणीत कोरडी. पण कपाट कूलरच्या खोलीत असतं आणि तिथे दिवसरात्र ओली हवा फिरते. त्यात रिव्हॉल्व्हर चामड्याच्या कव्हरात ठेवलेलं. चामडं ओल धरून ठेवतं आणि ती सगळ्यात आधी स्क्रूच्या खाचेत आणि आट्यांत शिरते. वापरायचं तेव्हाच कव्हर, एरवी कोरडं सुती कापड आणि तेलाचा हलका हात.

तरीही माझं स्पष्ट मत आहे की गंजापेक्षा जास्त स्क्रू घरातल्या पेचकसाने मरतात. साध्या पेचकसाचं पातं पाचरीसारखं, टोकाकडे निमुळतं असतं. ते खाचेच्या फक्त वरच्या कडांना टेकतं. जोर लावला की पातं वर चढतं, कडा फाटतात आणि जाता जाता फ्रेमवर एक लांब ओरखडा उमटतो. हत्याराच्या कामाला टोकाशी दोन्ही बाजू समांतर असलेलं पातं लागतं. जाडी खाचेत घट्ट बसेल इतकी, रुंदी स्क्रूच्या डोक्याएवढी किंवा किंचित कमी. डोकं फ्रेममध्ये खोल बसलेलं असेल तर रुंद पातं कडेची फ्रेम खरवडतं. असं पातं ग्राइंडरवर घासून करता येतं, फक्त दर दोन-तीन सेकंदांनी पाण्यात बुडवा. टोक निळं पडलं की पोलादाचं पाणी, म्हणजे कडकपणा, उतरला, मग ते पातं पिळवटणारच.

हात लावण्याआधी हत्यार रिकामं करा. पिस्तुलात आधी मॅगझिन काढायची, मग स्लाइड (वरचा सरकता भाग) मागे ओढून चेंबर, म्हणजे नळीमागचं गोळीचं घर, डोळ्यांनी बघायचं. उलट क्रमाने केलं तर स्लाइड पुढे जाताना मॅगझिनमधली दुसरी गोळी चेंबरमध्ये जाते. रिव्हॉल्व्हरचं प्रत्येक घर मोजा. काडतुसं दुसऱ्या खोलीत. पुढे तेल आणि उष्णता दोन्ही येणार आहेत, आणि आत झिरपणारं तेल काडतुसाची टोपी निकामी करू शकतं.

आता स्क्रू. सुईने पेनिट्रेटिंग ऑइलचा (गंजात झिरपणाऱ्या पातळ तेलाचा) एक थेंब डोक्याच्या कडेला, आणि चोवीस तास थांबा. (लाकडी मुठीजवळ थेंब म्हणजे थेंबच, लाकूड तेल पितं.) मग हत्यार लाकडी ठोकळ्यावर टेकवून पातं खाचेत सरळ बसवा आणि छोट्या पितळी हातोडीने वरून चार-पाच हलके ठोके द्या. गंजाची पकड धक्क्याने तुटते. आधी किंचित आवळायच्या दिशेने, मग सोडायच्या.

नाहीच हललं तर सोल्डरिंग आयर्नचं टोक मिनिटभर डोक्यावर धरा, थंड होऊ द्या, पुन्हा तेल. लॉकटाइटने (आटे सैल होऊ नयेत म्हणून लावायच्या गोंदाने) बसवलेला स्क्रूही तापवल्यावर सुटतो. लाल लॉकटाइटला साधारण 250 अंश लागतात, म्हणून बारक्या स्क्रूला लाल लावणारा माणूस पुढच्या माणसाचा वैरी समजावा. गॅसची ज्योत मात्र चुकूनही नको: रंग जातो, स्प्रिंगचं पाणी उतरतं, पॉलिमरची फ्रेम असेल तर ती वितळते.

सगळ्यात खात्रीची युक्ती उभ्या ड्रिल मशीनची. प्लग काढून ठेवा. चकमध्ये पेचकसाचा बिट घट्ट करा, हत्यार लाकूड लावून व्हाइसमध्ये धरा, हँडलने बिट खाचेत दाबून ठेवा आणि चक हाताने फिरवा. दाब सरळ खाली राहतो, त्यामुळे पातं वर चढायला जागाच नाही. पातं आणि खाचेच्या मध्ये रबर बँड ठेवायची यूट्यूबवरची युक्ती मोबाइलच्या स्क्रूला ठीक, इथे रबराचा भुगा होतो.

खाच आधीच फाटली असेल तर उचकटलेला धातू हातोडीने हळूच परत बसवा, मग बारीक कानशीने खाच थोडी खोल करा. बिटाच्या टोकाला व्हॉल्व्ह घासायची पेस्ट लावली की पकड वाढते. डोकंच तुटलं तर उलट्या आट्याचं ड्रिल लागतं. 3 मिमीच्या स्क्रूला 1.5 मिमीचं, बरोबर मधोमध, आणि बऱ्याचदा ड्रिल करतानाच तुकडा उलटा फिरून बाहेर येतो. इतक्या बारक्या मापात ईझी-आउट (तुटका स्क्रू उलटा फिरवून काढायचं अवजार) घालू नका. ते आत तुटलं की त्या कडक पोलादाला साधं ड्रिल लागत नाही.

पण हे ड्रिलिंग घरी करायचं नाही. 1959 च्या शस्त्र कायद्याचं कलम 5 बंदुकीच्या दुरुस्तीला परवाना मागतं. मुठीचा स्क्रू काढून पुसणं वेगळं आणि यंत्रणेच्या बाजूचं झाकण उघडणं वेगळं, ते परवानाधारक कारागिराकडेच न्या. तोही झाकण पेचकसाने उचकटत असेल तर हत्यार उचलून परत या. जाणता माणूस स्क्रू काढून मुठीच्या सांगाड्यावर लाकडी दांड्याने टिचक्या मारतो, झाकण थरथरून आपोआप वर येतं.

1911 धाटणीच्या (अमेरिकन कोल्ट 1911 सारख्या) पिस्तुलात मुठीच्या स्क्रूबरोबर खालचं बुशही (तो स्क्रू ज्यात बसतो ती आट्यांची छोटी नळी) फिरून बाहेर येऊ शकतं. घाबरू नका, पण दोन्ही एकत्रच परत ठोकूनही बसवू नका. बुशचे फ्रेममधले आटे फार बारीक असतात. आधी बुश वेगळं करून बसवा, मग स्क्रू.

परत लावताना फाटलेला स्क्रू फेकून नवा घ्या, आट्यांना तेलाचं बोट लावा आणि दोन बोटांच्या जोराने आवळा. मनगटाचा जोर लावला तर लाकडी मूठ स्क्रूच्या भोकापासून चिरते.