नऊ महिन्यांच्या रजेचं बिल कोण भरणार?

प्रसूती रजा सहाऐवजी नऊ महिन्यांची करण्याचा विचार व्हावा, असं नीती आयोगाचे सदस्य व्ही. के. पॉल यांनी २०२३ मध्ये सुचवलं होतं. आमच्या पुण्याच्या मैत्रिणींमध्ये तो विषय अजून अधूनमधून निघतो आणि लगेच दोन तट पडतात. एकीचं म्हणणं, तान्ह्या बाळाला आईच हवी. दुसरीचं, नऊ महिने घरी बसलीस की प्रोजेक्ट गेला, अप्रेझल गेलं. मी स्वीडनमधून, गोथेनबर्गहून हे वाचते आणि मला तिसराच प्रश्न पडतो: या रजेचे पैसे कोण देणार?

प्रसूती लाभ कायद्यातल्या २०१७ च्या दुरुस्तीने आपल्याकडे पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवड्यांची भरपगारी रजा मिळाली. कायदा चांगलाच आहे. पण ईएसआयसीच्या, म्हणजे कर्मचारी राज्य विमा महामंडळाच्या, बाहेरच्या नोकरीत तो सगळा पगार मालकाने द्यायचा. ५० किंवा जास्त कर्मचारी असतील तर पाळणाघराची सोयही त्यानेच करायची. आता वीस माणसांच्या कंपनीत अठ्ठावीस वर्षांची मुलगी मुलाखतीला आली, की समोरच्याच्या डोक्यात काय हिशोब चालू होतो हे सांगायला नको. ‘लग्नाचं काय ठरवलंय?’ हा प्रश्न काही आपुलकीने विचारलेला नसतो.

इथे स्वीडनमध्ये हा हिशोब बापालाही लागू होतो. मालक प्रत्येक पगारावर ठरावीक टक्के सामाजिक विम्यासाठी भरतो, मग कर्मचारी बाई असो की पुरुष. बाळ झालं की पैसे सरकारी विमा संस्था देते: दोघांत मिळून ४८० दिवस, त्यातले ३९० पगाराच्या साधारण ८० टक्क्यांनी, अर्थात एका मर्यादेपर्यंत. त्यातले ९० दिवस प्रत्येकाचे राखीव. बापाने घेतले नाहीत तर बुडाले. ही राखीव रजा १९९५ मध्ये एका महिन्यापासून सुरू झाली, पुढे वाढत गेली. परिणामी तिशीतला पुरुषही काही महिने गायब होणार हे मॅनेजर गृहीतच धरतो. आमचा टीमलीड अख्खा हिवाळा बाबागाडी ढकलत होता, आणि परतल्यावर त्याला कुणी ‘आता जमेल ना रे?’ असं विचारलं नाही.

म्हणून इथे सगळं आलबेल आहे असं मात्र नाही. पुरुष अजूनही एकूण दिवसांपैकी साधारण तीस टक्केच घेतात. मूल आठ वर्षांचं होईपर्यंत कामाचे तास पाव हिश्श्याने कमी करून घेण्याचा हक्क दोघांनाही आहे, वापरतात तो जास्त करून बायका, आणि त्याची किंमत म्हातारपणी पेन्शनमध्ये मोजतात. कामवाल्या मावशी नाहीत, शेजारच्या काकू नाहीत. पाळणाघरात सर्दीची साथ आली की आईबाप आळीपाळीने घरी. फेब्रुवारीत तर ऑफिसातल्या निम्म्या खुर्च्या रिकाम्या.

आणि आजी नाही. पुण्यात माझ्या बहुतेक मैत्रिणींचं करिअर आई नाहीतर सासूबाईंच्या गुडघ्यांवर उभं आहे. बँकेतून निवृत्त झालेली बाई दुसऱ्या दिवसापासून पुन्हा ड्यूटीवर, तीही बिनपगारी. कायद्यात तिचा उल्लेख नाही, चर्चेतही नाही. स्वीडनने जुलै २०२४ पासून प्रत्येक पालकाला आपल्या वाट्याचे ४५ पर्यंत दिवस (भरपगाराचे नव्हे, पण विम्याचे) दुसऱ्या कुणाला, म्हणजे आजीआजोबांनाही, देऊ दिले. त्यासाठी आजी इथल्या विम्यात हवी, त्यामुळे ९० दिवसांच्या व्हिसावर येणाऱ्या माझ्या आईला त्याचा उपयोग शून्य. तरी तिच्या कामाला पैशात किंमत आहे हे कुणीतरी कागदावर मान्य केलं.

सामायिक निधी भारतात अशक्य आहे असंही नाही. महिना २१ हजारांपर्यंत पगार असलेल्या विमाधारक बाईला ईएसआयसी हेच २६ आठवडे आपल्या निधीतून देते, आणि त्या निधीत पुरुषांच्या पगारातूनही पैसे जातात. हिंजवडीतल्या इंजिनिअरला ते का नको? नऊ महिन्यांवर भांडण्याआधी मला हे मागावंसं वाटतं, आणि त्याबरोबर खासगी नोकरीतल्या बापांसाठी सक्तीची रजा. केंद्र सरकारी कर्मचाऱ्याला निदान १५ दिवस मिळतात. खासगीतल्या बापाला कायद्याने एकही नाही.