‘तीन आठवडे पाय हलवू नका’ हा मेसेज पुढे पाठवण्याआधी

नवरात्र संपली की बडोद्यातल्या आमच्या मराठी ग्रुपांवर एक मेसेज दर वर्षी फिरतो. यंदा दांडिया बाजारातल्या मावशींसकट पाच जणांनी तो मला पाठवला. मेसेज असा: ‘लिगामेंट तुटलं तर तीन आठवडे पाय अजिबात हलवू नका. रोज तेलाने जोरात चोळून नस बसवून घ्या. लिगामेंट हाडासारखं आपोआप जुळतं, ऑपरेशन ही लूट आहे. दुखणं थांबलं की समजा जुळलं.’ मी फिजिओथेरपिस्ट आहे. या चार वाक्यांवर विश्वास ठेवून बसलेली माणसं दर वर्षी दिवाळीच्या सुमारास माझ्याकडे येतात, म्हणून एकेक वाक्य घेते.

‘हलवू नका.’ पहिले दोन-चार दिवस पाय जपायचा, सूज असेतो भार बेताने टाकायचा, इथवर ठीक आहे. पुढचे तीन आठवडे मात्र नाही. स्नायूला हाडाशी बांधतो तो टेंडन आणि हाडाला हाडाशी बांधतं ते लिगामेंट. दोन्ही मुख्यतः कोलाजेनच्या धाग्यांची. हे धागे एरवी नागमोडी असतात. थोडी ओढ बसली की सरळ होतात, त्यापुढे दोर ताठ होतो, आणि साधारण आठ-दहा टक्के ताणला की तुटतो. धाग्यांच्या मधे बसलेल्या पेशींना ही ओढ कळते. नवा धागा कुठल्या दिशेने घालायचा ते त्या ओढीवरूनच ठरवतात. ओढच नसेल तर धागे वाटेल तसे पडतात.

सत्तरच्या दशकात अमेरिकेत नॉयस यांनी माकडांचे पाय आठ आठवडे प्लास्टरमध्ये ठेवले. गुडघ्यातलं लिगामेंट तोडायला लागणारा जोर ३९ टक्क्यांनी घटला, आणि प्लास्टर काढून वर्ष उलटलं तरी तो पूर्ववत झाला नव्हता. सॅव्हिओ वू यांच्या सशांवरच्या प्रयोगात नऊ आठवड्यांच्या बंदीनंतर ताकद एक तृतीयांशाच्या आसपास उरली. ही लिगामेंटं दुखावलेली नव्हती, धडधाकट होती. बसवून ठेवल्यानेच ती खिळखिळी झाली.

गेल्या महिन्यात एक काका आले. मेसेजप्रमाणे पडून राहिले होते, वर तीन आठवडे क्रेप बँडेज. पट्टी सोडली आणि शिंप्याच्या टेपने दोन्ही मांड्या मोजल्या, तर दुखरी मांडी साडेतीन सेंटिमीटर बारीक. लिगामेंटला सावरणारा स्नायूच वाळला होता.

डॉक्टरांनी हाड मोडलं म्हणून किंवा ऑपरेशननंतर पाय बांधला असेल तर गोष्ट वेगळी, ती पट्टी आपल्या मनाने काढू नका. पण हाताच्या बोटाचा तुटलेला टेंडन शिवल्यावरसुद्धा आता काही दिवसांतच मोजून-मापून हालचाल सुरू करतात, नाहीतर तो भोवतालच्या आवरणाला चिकटून बसतो.

‘चोळून नस बसवा.’ बडोद्याला जुम्मादादांच्या आखाड्याची आणि हाडं बसवणाऱ्या माणिकरावांच्या हाताची परंपरा आहे, तिच्याबद्दल मला मनापासून आदर आहे. पण बसवायचं ते निखळलेलं हाड. लिगामेंट फाटल्यावर बसवण्यासारखं काहीच नसतं. ताज्या फाटीवर जोरात चोळलं की आतला रक्तस्राव आणि सूज तेवढी वाढते.

‘हाडासारखं आपोआप जुळतं.’ हे अर्धं खरं आहे, म्हणूनच लोकांना पटतं. गुडघ्याच्या आतल्या बाजूचं लिगामेंट बहुतेक वेळा ऑपरेशनशिवाय भरून येतं. गुडघ्याच्या मध्यभागी असतं ते एसीएल नावाचं लिगामेंट मात्र सांध्यातल्या द्रवात बुडालेलं असतं. जखमेवर रक्ताची गाठ धरायला हवी, ती त्या द्रवात टिकत नाही. मग दोन टोकांमधे पूल बांधणार कशावर? बोस्टनच्या मार्था मरे यांनी नेमकी हीच अडचण हेरली आणि रक्तात भिजवलेला स्पंज दोन टोकांमधे बसवायची पद्धत काढली. अमेरिकेत तिला डिसेंबर २०२० मध्ये मान्यता मिळाली.

शिवाय हाड जुळतं तिथे पुन्हा हाडच तयार होतं. लिगामेंट जुळतं तिथे व्रण तयार होतो, आणि वर्षानंतरही त्याचा पोत मूळचा नसतो. टाचेच्या टेंडनबद्दल डेन्मार्कमधे एक विलक्षण काम झालं. शीतयुद्धातल्या अणुचाचण्यांमुळे हवेत वाढलेल्या किरणोत्सारी कार्बनचं प्रमाण टेंडनमधे मोजलं, तेव्हा कळलं की त्याचा गाभा साधारण सतराव्या वर्षापर्यंत घडतो आणि पुढे जवळजवळ बदलत नाही. हाडाचं तसं नाही, ते आयुष्यभर थोडंथोडं नवं होत राहतं.

राहिली लूट. प्रत्येक फाटलेल्या एसीएलला ऑपरेशन लागतं, असं मीही म्हणणार नाही. स्वीडनमधे १२१ तरुण रुग्णांवरचा अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला. ज्यांनी आधी फक्त व्यायाम केला, त्यांच्यातल्या जवळजवळ निम्म्यांना पाच वर्षांनीही ऑपरेशन लागलं नव्हतं. त्यांच्यातल्या काहींच्या एमआरआयमधे एसीएल जुळल्याच्या खुणाही दिसल्या. पण ही माणसं तेल लावून पडून राहिली नव्हती. देखरेखीखाली महिनोन्‌महिने घाम गाळत होती. ऑपरेशन टाळायचं तर त्याची ही किंमत आहे, आणि ती मेसेजमधे लिहिलेली नाही.

‘दुखणं थांबलं की जुळलं.’ चारांत सर्वांत घातक वाक्य हेच. दुखणं सुजेबरोबर काही आठवड्यांत ओसरतं. तोवर आत घातलेलं कोलाजेन बारीक आणि कच्चं असतं, ते पक्कं व्हायला कित्येक महिने, कधी वर्षही लागतं. आणि एसीएल पूर्ण तुटलं असेल तर ओढायला काही उरतच नाही, त्यामुळे दुखणंही थांबतं.

गेल्या वर्षी एकोणीस वर्षांची मुलगी आली. दोढियू हा गरब्याचा प्रकार खेळताना गिरकी घेतली, पाऊल जमिनीवरच राहिलं आणि गुडघ्यात टक्‌कन आवाज झाला. घरी पोचेतो गुडघा नारळाएवढा. ही दोन लक्षणं एकत्र दिसली तर दुसऱ्याच दिवशी हाडांच्या डॉक्टरांकडे जायला हवं. तिने तीन आठवडे वाट पाहिली. दुखणं गेलं, आणि मग जिना उतरताना पाय आतून सटकला. मी एका हाताने तिची मांडी धरली, दुसऱ्या हाताने नडगी पुढे ओढली. चांगला पाय दोर ताठ व्हावा तसा थांबला. दुखावलेल्या पायाची नडगी मऊपणे पुढे येतच राहिली. तिलाही ते जाणवलं, तिने माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं.

डिसेंबरात तिचं ऑपरेशन झालं. यंदा गरब्याला मी तिला मनाई केली. ती चिडली, पण व्यायामाला आली. परवा एका पायावरच्या लांब उड्या मोजल्या. चांगला पाय ११२ सेंटिमीटर, दुसरा ९४. मला १०० च्या वर हवे आहेत. टेपवर ओणवी होऊन आकडा तिनेच वाचला, आणि म्हणाली, “ताई, परत मारू?”