कॉलवर आवाज तुटतो, तो स्पीड कमी म्हणून नव्हे

व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारा सल्ला असा: ‘इंटरनेट कॉल तुटतो कारण स्पीड कमी पडतो. मोठा प्लॅन घ्या, रेंजच्या काड्या पूर्ण दिसतील तिथे बसा, नाहीतर अ‍ॅप बदला.’

स्पीडचा हिशोबच करून बघू. ओपस या कोडेकमध्ये (आवाज दाबून लहान करायची पद्धत) २४ केबीपीएसला (सेकंदाला २४ हजार बिट) बोलणं स्वच्छ ऐकू येतं. दर २० मिलिसेकंदांना एक पॅकेट (डेटाचा छोटा गठ्ठा), म्हणजे सेकंदाला ५०. प्रत्येकात ६० बाइट आवाज, ४० बाइट हेडर (पत्ता वगैरे माहिती). झाले एका दिशेला ४० केबीपीएस! १० एमबीपीएसच्या लाइनला याचा पत्ताही लागत नाही.

बिघडतं ते पॅकेट गळाल्यामुळे किंवा उशिरा आल्यामुळे. वाजवायची वेळ टळल्यावर आलेलं पॅकेट हरवल्यासारखंच.

‘पण स्पीड टेस्ट झकास येते!’ येणारच. तिथे गळालेलं पॅकेट गुपचूप परत पाठवलं जातं. घरातला खरा गुन्हेगार बहुतेकदा अपलोडची रांग असते. समजा अपलोड ५ एमबीपीएस आणि राउटरचा बफर (पॅकेटं रांगेत थांबायची जागा) ५०० केबी. कुणाच्या तरी फोनचा फोटो बॅकअप सुरू झाला, बफर भरला, की तुमचा शब्द ०.८ सेकंद रांगेत उभा. तपासायचं कसं? बॅकअप चालू असताना आधी राउटरला आणि मग ८.८.८.८ ला (गूगलचा सर्व्हर) शंभर-शंभर पिंग (उत्तर किती वेळात येतं ते मोजणारे छोटे संदेश) मारा. पहिलाच आकडा उड्या मारत असेल तर दोष वाय-फायचा: ५ गिगाहर्ट्झवर जा, किंवा सरळ केबल लावा. पहिला स्थिर, दुसरा शेकड्यांत गेला, तर दोष रांगेचा. ओपनडब्ल्यूआरटी (राउटरचं मुक्त सॉफ्टवेअर) असलेल्या राउटरवर एसक्यूएम (रांग आटोक्यात ठेवणारी सोय) चालू करून त्यात ‘केक’ ही पद्धत निवडा आणि मोजलेल्या स्पीडच्या ८५ ते ९० टक्के मर्यादा घाला. ती सोय नसेल तर कॉलपुरता बॅकअप थांबवा. फुकटचा उपाय आहे.

काड्या सिग्नलची ताकद दाखवतात, टॉवरवरची गर्दी नाही.

अ‍ॅप बदलण्यात मात्र थोडं तथ्य आहे, कारण गळती झेलायची सोय अ‍ॅपमध्ये असते. ओपसची एफईसी (गळतीची आगाऊ भरपाई) मागच्या तुकड्याची ढोबळ प्रत पुढच्या पॅकेटात पाठवते. एखादं पॅकेट गळालं तर भागतं, सलग पाच गळाली तर नाही. स्वतःची कॉल सिस्टीम चालवणाऱ्यांनी एफईसी चालू करताना अपेक्षित गळतीचा टक्काही भरावा. तो शून्य राहिला तर एफईसी नुसती नावाला. जिटर बफर (मागेपुढे येणारी पॅकेटं वाजवण्याआधी थोपवून धरण्याचा वेळ) वाढवतानाही जपून: २०० मिलिसेकंद केला की आवाज कमी तुटतो, पण दोघं एकमेकांचं बोलणं तोडू लागतात. आयटीयू या आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेची जी.११४ शिफारस एकतर्फी उशीर १५० मिलिसेकंदांच्या आत ठेवायला सांगते, आणि त्यात हा बफरही मोजायचा असतो.