मिठाच्या पाण्याची बादली

'विद्यापीठांचं संशोधन कागदावरच राहतं, बांधापर्यंत पोचत नाही' हे शेती संशोधनावर नुकत्याच वाचलेल्या एका लेखातलं वाक्य मला अर्धंच पटलं.

मी ऐरोलीत राहतो, पण आमची दीड एकर भातशेती मुरबाडकडे आहे. काही वर्षांपूर्वी पेरणीच्या तोंडावर कोकण कृषी विद्यापीठाचे कृषिदूत, म्हणजे तिथले विद्यार्थी, गावात आले. शेवटच्या वर्षाला या मुलांना गावात राहून काम करावं लागतं. आमचे बाबा म्हणाले, ही कालची पोरं मला भात शिकवणार! पोरांनी १० लिटर पाण्यात ३०० ग्रॅम मीठ विरघळवलं आणि आमचंच घरचं बी त्यात ओतलं. बराच पळंज, म्हणजे पोकळ, हलकं बी, वर तरंगला. बाबा गप्प. तो काढून टाकला, तळाचं बी दोनतीनदा धुऊन सावलीत वाळवलं. रोपं एकसारखी आली. आता दरवर्षी बादली बाबाच मांडतात, वर शेजाऱ्यांना ज्ञानही देतात.

घोडं अडतं ते बियाण्यापाशी. कर्जतच्या भात संशोधन केंद्राचं हवं ते वाण ऐन जूनमध्ये तालुक्याच्या दुकानात मागितलं, तर दुकानदाराने भलतीच पिशवी पुढे केली, 'हेपण तसंच आहे' म्हणून. यात शास्त्रज्ञांचा काय दोष?

आणि पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राचा लेखात उल्लेखही नाही! खाऱ्या जमिनीत तग धरणारी पनवेल-१, २, ३ ही भाताची वाणं तिथलीच. अर्थात आमच्या ऐरोली-बेलापूर पट्ट्यात ती लावायला आता खाचरं उरलीत कुठे म्हणा.