१९७२ चं गणित आणि टेकडीवरचं 'काटक' झाड

आमच्या टेकडीवर फिरणाऱ्यांच्या ग्रुपवर या आठवड्यात तिसऱ्यांदा तोच मेसेज आला. थोडक्यात असं, की जास्त जाती म्हणजे जास्त गुंता, गुंता वाढला की निसर्ग डळमळतो, हे १९७२ मध्येच गणिताने सिद्ध झालंय, तेव्हा पुण्याच्या टेकड्यांवर एकच काटक, भराभर वाढणारं झाड लावा, हिरवं ते हिरवं. खाली हात जोडलेले. बरं, घेऊ एकेक.

'गणिताने सिद्ध झालंय.' रॉबर्ट मे या शास्त्रज्ञाचा १९७२ चा पेपर आहे खरा, आणि त्याआधी मॅकआर्थर, एल्टन वगैरे निसर्गाचा अभ्यास करणारी मंडळी 'जाती जास्त तर टिकाऊपणा जास्त' असं म्हणत होती त्यांना तो चांगलाच धक्का होता, हेही मान्य. पण मे यांनी केलं काय, तर जातींमधले संबंध फासे टाकल्यासारखे कसेही जोडले आणि मग बघितलं की बारीकसा धक्का दिल्यावर सगळ्या जातींचे आकडे परत जागेवर येतात का. जाती आणि जोडण्या वाढल्या तसे ते येईनात. आपल्या टेकडीवर मुंगूस आणि सरडे काय लकी ड्रॉ काढून नेमलेत का! खऱ्या निसर्गाची वीण तशी नसते, मग ती कशी असते की एवढ्या जाती धरूनही टिकते, हा प्रश्न त्या पेपरमुळे उभा राहिला. 'जाती कमी करा' असं त्यात कुठेच नाहीये.

'जास्त जाती म्हणजे डळमळीत.' काय डळमळतं ते तर सांगा. अमेरिकेत मिनेसोटात सीडर क्रीक म्हणून जागा आहे, तिथे डेव्हिड टिलमन या पर्यावरणशास्त्रज्ञाच्या टीमने गवताळ तुकड्यांवर वर्षानुवर्षं मोजमाप केलं. १९८८ च्या दुष्काळात जास्त जातींचे तुकडे कमी मार खाऊन गेले आणि लवकर सावरले. यावर लोकांनी शंका काढली की कमी जातींच्या तुकड्यांना खत जास्त पडलेलं, फरक त्याचाच असेल, आणि शंका रास्तच होती, म्हणून मग १९९४ मध्ये मुद्दाम १, २, ४, ८, १६ अशा जाती पेरून परत दहा वर्षं मोजलं. निघालं असं की जाती वाढल्या तसा एकेका जातीचा चढउतार वाढला, पण सगळ्या तुकड्याचं मिळून उत्पादन जास्त स्थिर राहिलं. म्हणजे मेसेजवाल्याचं अर्धं बरोबर, फक्त चुकीचं अर्धं.

यात आपल्याकडे नवीन काय आहे म्हणा. कोरडवाहू बाजरीत तुरीच्या, मटकीच्या ओळी कशाला टाकतात? पाऊस मधेच गायब झाला, बाजरी गेली, तरी तूर हाताशी लागते. १९७२ च्या दुष्काळातून गेलेल्या कुठल्याही आजीला विचारा, पेपर वाचावा लागणार नाही.

'एकच काटक झाड.' हे ऐकून मला सुबाभूळच आठवते. एकेकाळी जिकडेतिकडे तीच, आणि मग शेंड्यातला रस शोषणारी एक बारीक कीड १९८४ मध्ये हवाईत दिसली आणि १९८८ पर्यंत भारतात पोचलीसुद्धा. एकाच जातीची रांग म्हणजे किडीला पंगत मांडल्यासारखंच. आपल्या टेकड्यांवर लावलेल्या गिरिपुष्पाचं, म्हणजे उंदीरमारीचं, अजून तसं झालेलं नाही, पण थंडी सरताना बघा, सगळी एकदम पानं गाळून उभी असतात. आपली देशी झाडंही पानं गाळतातच, पण सालई, मोई, पळस, पांगारा, बहावा यांचं फुलणं-फळणं मागेपुढे होत असतं, त्यामुळे पाखरांना काही ना काही मिळत राहतं.

'हिरवं ते हिरवं.' नाही हो. आपल्या टेकड्यांचा बराचसा भाग मुळात गवताचा, झुडपांचा. पवन्या, कुसळी, त्यात तितर, लावे, चंडोल. तिथे खड्डे घेऊन दाट झाडी लावली की जाती वाढत नाहीत, कमी होतात, मग रोपं पन्नास प्रकारची का असेनात.

आणि त्या मेसेजमधल्या फोटोतलं काटक झाड गुलमोहर आहे. मादागास्करचा पाहुणा. वळवाच्या पहिल्या वाऱ्यात आपल्या गल्लीत पार्क केलेल्या गाड्यांवर कोण आडवं पडतं ते ग्रुपवर निम्म्या लोकांना चांगलं माहितीये.